डावखुऱ्या पोरीची काठी

आमच्या दुकानावर 'रदरफर्ड आणि मुलगा' अशी पाटी आहे. ती रंगवून घेतली तेव्हा मी आईच्या पोटात होते. बाबांना सगळ्याचीच घाई. पुढे मुलगा काही झाला नाही, मी झाले, एफी. पाटी तशीच राहिली. बाबा गेले, दुकान माझ्या गळ्यात पडलं, आणि ट्राउट मासे धरायच्या काठ्या, रिळं, दोऱ्या, गळाला लावायच्या पिसांच्या खोट्या माश्या विकता विकता माझे केस पांढरे झाले. तरी आमच्या लिडनफुट गावात नवा आलेला माणूस अजून विचारतो, "मुलगा कुठाय?" मी सांगते, "नदीवर गेलाय. यायचाय अजून."

तोंडाने मी अशीच आहे. गावाला सवय झालीय.

मार्च उजाडायचा होता, मासेमारीचा हंगाम अजून बंद होता. बाहेर गारठा आणि चिखल, आत शेगडी पेटलेली. तेव्हा गिडियनकाका आले. गिडियन टर्नबुल हे बाबांचे जिवाभावाचे दोस्त, म्हणून लहानपणापासून माझे काका. लोकरीच्या गिरणीत माग दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. एल्सीकाकू जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, एकटेच राहतात. पण नदीवर त्यांच्यासारखा हात आमच्या अख्ख्या खोऱ्यात नाही. पाण्यावर टोपी तरंगत सोडा, काका लांबून दोरी उडवून तिच्यात माशी टाकून दाखवणार. दर वर्षी हंगाम उघडतो त्या दिवशी गाव पुलावर जमतं, मशकबाजा, म्हणजे बॅगपाइप, वाजतो, नदीला व्हिस्की पाजतात, आणि मासेमारी क्लबातला सगळ्यात जुना सभासद पहिली दोरी टाकतो. हा मान कधीचा काकांकडे आहे.

"एफी, नवशिक्याचं सामान काढ," ते म्हणाले. उजवा हात कोटाच्या खिशात. थंडी होती, मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

"कुणासाठी?"

"माझ्या भाचीची पोर आहे. एडिंबरोला असते." मग जरा थांबून, "एल्स्पेथ."

"अगं बाई! एल्सीकाकूंचं पूर्ण नाव ठेवलं? कधी बोलला नाहीत ते!"

"तू बोलू देशील तर ना."

"केवढी आहे?"

"असेल दहा-बारा वर्षांची. डावखुरी आहे."

"मग घेऊन या की तिला. हात बघितल्याशिवाय काठी द्यायची नाही, हे बाबांना कोणी शिकवलं होतं? तुम्हीच ना?"

खरंच त्यांनीच शिकवलं होतं. आमच्या दुकानात नवशिका आला की त्याने काठीची मूठ धरायची आणि आम्ही त्याचं मनगट धरून बघायचं. हात केवढा आहे, जोर कुठून लावतो, किती आखडतो, हे कळलं की काठी आपोआप ठरते. न बघता दिलेली काठी म्हणजे दुसऱ्याच्या मापाचे बूट.

"तिची शाळा आहे," काका म्हणाले. "तू दे अंदाजाने."

मी दिली. छोटी, हलकी, बारीक मुठीची, पोरीच्या हाताला बेताची. काकांनी ती डाव्या हातात घेतली, आणि त्यांच्या त्या पंज्यात ती अगदीच काडी दिसायला लागली.

"जरा जाड मूठ नाही का?"

"बारा वर्षांच्या पोरीला? काका, वय झालं हो तुमचं!"

त्यांनी मुठीचा नाद सोडला. दोरी मात्र त्यांनी नीट बघून मागितली, काठीला लागते त्यापेक्षा एका नंबराने जड. नवशिक्याला काठी वाकलेली हातात कळली पाहिजे, म्हणून. मग रिळाची वेळ आली.

"फिरवायचा कान डाव्या बाजूला लाव."

"दोरी टाकणार डाव्याने, आणि रीळ फिरवणार तेही डाव्यानेच? मग उजवा काय नुसता चहा प्यायला ठेवलाय का पोरीने?"

मी माझ्याच विनोदावर खो खो हसले. काका कानापर्यंत लाल झाले. "आमच्या वेळी ज्या हाताने टाकायचं त्याच हाताने फिरवायचं," एवढंच म्हणाले, आणि सामान काखेत मारून गेले. निघताना दार त्यांनी कोपराने उघडलं.

आता मी गप्प बसायचं की नाही? पण गप्प बसले तर ती एफी कसली! संध्याकाळी डॉडी आला. हा आमचा खाटीक, आणि क्लबाचा अध्यक्षही तोच. मी त्याला सांगितलं, गिडियनकाका नातीला शिकवणार आहेत. डॉडी विरघळलाच.

"म्हातारा आणि पोरगी! एफी, यंदा पहिली दोरी त्या पोरीलाच टाकू दे. काका शेजारी उभे राहतील. काय फोटो येईल!"

"अरे, पण नवशिकी आहे ती. घरटं होईल तिचं."

"होऊ दे की! ओरडू आपण."

हे घरटं म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्याकडे दोरी मागे उडवतात, ती हवेत सरळ झाली की पुढे टाकतात. ती सरळ व्हायच्या आत घाई केली की तिचं भेंडोळं टाकणाऱ्याच्याच डोक्यावर येऊन बसतं, पक्ष्याने घरटं बांधावं तसं. मग काठावरचे सगळे एका सुरात ओरडतात, "घरटं! घरटं!" ज्याचं घरटं झालं त्याने त्या दिवशी सगळ्यांना चहा आणि खिम्याचे पॅटिस द्यायचे. ही ओरड काढण्यात सगळ्यांत पुढे कोण, तर गिडियनकाका. मी एकोणीस वर्षांची असताना माझ्यावर ते असे ओरडले की मी काठी टाकून रडत घरी आले. बाबा हसत सुटले. "वेडे, पाहुण्यांना कोणी ओरडतं का? पाहुण्याचा गुंता झाला की सगळे नदीकडे बघतात. तुला ओरडले म्हणजे तू गावची झालीस."

तर डॉडीने ठरवलं आणि गाव कामाला लागलं. कोणी एल्स्पेथसाठी लोकरीची टोपी विणायला घेतली. बेकरीवालीने केकवर मासा काढायचं कबूल केलं. शनिवारी काका दुकानात आले तेव्हा शेगडीभोवती सहा-सात जण बसलेले. डॉडीने सगळ्यांदेखत त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि बातमी सांगितली.

काकांचं तोंड पांढरंफटक पडलं. मला वाटलं, आनंदाने.

"बघू," ते म्हणाले. "शाळेने सोडलं तर."

"शाळेला मी पत्र लिहितो ना!" डॉडी म्हणाला.

"नको, नको. मी बघतो." आणि चहा न घेताच गेले.

त्यानंतर काका दुकानाकडे फिरकले नाहीत. रविवारी दुपारी शेजारच्या गावाशी रग्बीचा सामना होता, सगळं लिडनफुट तिकडे. मी सूपाचं भांडं घेऊन काकांकडे गेले. घरात कोणी नाही. मागे जुन्या गिरणीचं कापड वाळवायचं मैदान आहे, तिकडून काठीचा सपकन आवाज आला. मी भिंतीवरून डोकावले.

काका एकटे उभे होते. डाव्या हातात ती पोरीची काठी, दोरीच्या टोकाला माशीऐवजी लाल लोकरीचा तुकडा. उजवा हात खिशातून बाहेर होता, आणि नुसता लोंबत होता. काठी मागे गेली, पुढे आली, आणि दोरी त्यांच्या गळ्यात पडली. टोपी उडून चिखलात गेली. बारीक मूठ पंज्यात फिरत होती, धरवत नव्हती. त्यांनी काठी काखेत दाबली आणि एका हाताने गुंता सोडवायला घेतला. सुटेना. मग खाली मान घालून दोरी दातात धरली आणि तिला हिसके द्यायला लागले.

मला तिथल्या तिथे मेल्याहून मेल्यासारखं झालं. चहा प्यायला ठेवलाय का, म्हणाले होते मी! डावखुरी पोर, डावीकडचा कान, कोपराने उघडलेलं दार, सगळं माझ्या नाकासमोर होतं, आणि मी दात काढत होते. धावत जाऊन तो गुंता सोडवावा असं फार वाटलं. पण त्यांनी मला तिथे बघितलं असतं, तर ते पुन्हा घराबाहेर पडले नसते. मी सूप तसंच घेऊन परत आले. घरी येऊन ते ओतून टाकलं. घशाखाली उतरलंच नसतं.

आता निस्तरायचं कसं? एल्स्पेथ नावाची पोरच नाही, आणि गाव तिची वाट बघतंय. काकांचं खोटं सगळ्यांदेखत उघडं पडलं तर? रात्रभर तळमळले आणि सकाळी डॉडीच्या दुकानात जाऊन ठोकून दिलं, "पोरीला गोवर आलाय. ती येत नाही."

मला वाटलं, सुटले. कसली सुटतेय! डॉडी मायाळू माणूस. दुपारी तो सफरचंदं, विणलेली टोपी आणि सगळ्यांच्या सह्यांचं 'लवकर बरी हो' कार्ड घेऊन काकांच्या दारात हजर.

तासाभराने दुकानाचं दार उघडलं. कोपराने.

काकांच्या डोक्यावर ती लोकरीची टोपी होती. लहान मुलीची, गोंडेवाली. बहुतेक डॉडीनेच घातली असावी आणि ती काढायचं त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. मला हसू आलं नाही.

"मला न विचारता माझ्या पोरीला गोवर आणलास?" ते म्हणाले.

मी काउंटरवरच्या माश्यांचे डबे सारखे करायला लागले. त्यांच्याकडे बघायची हिंमत होईना.

"किती बघितलंस?"

"टोपी पडली तिथपर्यंत."

"आणि दात?"

मी होकाराची मान हलवली. ते शेगडीपाशी टेकले.

"नाताळच्या आधीची गोष्ट. सकाळी उठलो, चहाचा कप उचलायला गेलो, तर उचलेना. बघत बसलो हाताकडे. डॉक्टर म्हणाला, जीव वाचला हेच नशीब. त्याचं काय जातंय म्हणायला."

चहाचा कप! नेमका तोच. माझ्या जिभेला हाड नाही ते नाही, निदान अक्कल तरी असायची.

"काका, मला सांगितलं असतंत तर—"

"तुला? तुला सांगितलं असतं तर आज डॉडीने माझ्यासाठी सफरचंदं आणली असती!" ते ओरडले. "ती बँकेची मॅनेजरीण आठवते? तिच्यावर मी इतका ओरडलो की बाई पुन्हा नदीवर आली नाही. कितीजणांवर ओरडलो असेन मी. आता मी जाऊन सांगू, मला येत नाही, मला शिकवा? कोणत्या तोंडाने सांगू?"

"त्या दिवशी येऊच नका. तब्येत बरी नाही म्हणून सांगते मी."

"तू काही सांगू नकोस. तू सांगितलंस की वाढतं." हे मात्र खरं होतं. "पोर आली नाही, म्हणजे पहिली दोरी परत माझ्याचकडे. हे कळलं का तुला, गोवर आणताना?"

कळलं नव्हतं. मी त्यांना वाचवायला गेले आणि नेमकं पाण्याच्या काठावर नेऊन उभं केलं होतं.

"यंदा नाही गेलो, तर पुढच्या वर्षीही नाही जाणार," ते दाराकडे वळत म्हणाले. "मग घरात बसून नदीचा आवाज ऐकायचा. त्यापेक्षा एल्सीच्या शेजारी आडवा होतो ना." गोंडा हलवत ते निघून गेले.

हंगामाचा दिवस उजाडला. ढगाळ हवा, पाणी थोडं चढलेलं. पुलावर सगळं गाव. मशकबाजा झाला, डॉडीने नदीत व्हिस्की ओतली, उरलेली स्वतः घेतली. माझं लक्ष रस्त्याकडे. येऊ नका, मी मनात म्हणत होते. आणि दुसऱ्याच क्षणी, या हो काका, या.

काका आले. चांगला कोट, रबरी बूट, उजवा हात खिशात. डाव्या हातात ती पोरीची काठी.

ती बघून गर्दीत कुजबुज झाली. डॉडीच्या डोळ्यांत पाणीच आलं. "मंडळी! आपली एल्स्पेथ अंथरुणावर आहे. पण काका तिची काठी घेऊन आलेत! पोरीच्या नावाने!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पोरीच्या नावाने! माझा जीव भांड्यात पडला. वाटच मिळाली होती त्यांना. आता दोरी कशीही पडू दे. काठी पोरीची, हात प्रेमाचा, सगळे माफ करतील आणि कोणाला काही कळणार नाही. मी काकांकडे बघितलं. तेही माझ्याकडे बघत होते. घ्या, मी मान हलवून खुणावलं. घ्या आणि सुटा.

ते पाण्यात गुडघाभर उतरले आणि वळून उभे राहिले.

"पोर नाही," ते म्हणाले. पुलावर ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा मोठ्याने, "एल्स्पेथ वगैरे कोणी नाही! मी खोटं बोललो." त्यांनी काठी काखेत धरली, डाव्या हाताने उजवं मनगट धरून तो हात खिशातून बाहेर काढला आणि सोडून दिला. तो लोंबला. "हा गेलाय. काठी मी माझ्यासाठी घेतली. नवशिका मी आहे."

काकांनी काठी परत डाव्या हातात घेतली आणि मागे उडवली. घाई केली. मला दिसलं, दोरी सरळ झालीच नव्हती, काठी पुढे आली, आणि सगळं भेंडोळं त्यांच्या टोपीवर, खांद्यावर, नाकावर.

चिडीचूप.

मी पुलावर नजर फिरवली. डॉडी नदीकडे बघत होता. बेकरीवाली नदीकडे. मशकवाला, शाळेची मुलं, पाद्रीबाबा, झाडून सगळे नदीकडे बघत होते. त्यांना दया आली होती हो, दुसरं काही नाही. पण काकांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा काही झाला की मला बघवेना. ज्या नदीवर जन्म काढला तिथे त्यांना पाहुणा करून टाकलं होतं.

मी कठडा धरला आणि असेल नसेल तो सगळा आवाज लावला.

"घरटं!"

बेकरीवालीने माझा हात घट्ट धरला. "एफी! लाज वाटत नाही?"

वाटत होती. त्या रविवारपासून दुसरं काही वाटलंच नव्हतं. "घरटं!" मी पुन्हा ओरडले. आवाज फाटला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी ओरडले. "गिडियनकाका, घरटं! पक्षी कुठाय?"

काकांनी वर बघितलं. नाकावरची दोरी बाजूला केली. त्यांचे खांदे हलायला लागले, आणि क्षणभर कोणालाच कळेना की हे हसणं आहे की रडणं. मग डॉडीने तोंडाला दोन्ही हात लावले आणि रेड्यासारखा ओरडला. मग शाळेची मुलं. मग अख्खा पूल, "घरटं! घरटं!" मशकवाल्याने तर मशकीतून काहीतरी भयंकर आवाज काढला.

मी धावत खाली गेले. काका काठावर आले होते आणि डॉडी त्यांच्या टोपीतला गुंता सोडवत होता.

"आधी कोण ओरडलं?" काकांनी विचारलं.

"मी."

"वाटलंच. पॅटिस किती जणांना द्यावे लागतील?"

"गाव आहे सगळं."

"हं." त्यांनी ती काडी डॉडीच्या हातात दिली आणि माझ्याकडे वळले. डोळे लाल होते. "आणि ही काठी कोणी निवडली म्हणायची? या हाताला ही मूठ?"

"हात कुठे दाखवला होतात?"

त्यांनी सगळ्यांदेखत डावा हात पुढे केला. मी मनगट धरलं. आखडलेलं होतं, अगदी पहिल्यांदा दुकानात आलेल्या माणसाचं असतं तसं. मी बराच वेळ धरून ठेवलं, लागतो त्यापेक्षा जास्त वेळ.

"जाड मूठ लागेल," मी म्हणाले.

"तेच तर सांगत होतो, पोरी," काका म्हणाले. "तूच ऐकलं नाहीस."